ऑनलाइन विकलेला माल परत आला तर? रिटर्न, रिफंड आणि क्लेमचं गणित, विक्रेत्याच्या बाजूने

कोल्हापुरातून गुवाहाटीला गेलेला चपलांचा जोड पंधरा-वीस दिवसांनी परत येतो. सेलर पॅनेलवर कारण दिसतं, ‘साइज बसला नाही’. विक्रेता पिशवी फाडतो, खोकं उघडतो आणि आतून भलतीच चप्पल निघते. रेक्झिनची, टाच झिजलेली, धूळ तशीच. ग्राहकाच्या खात्यात पैसे केव्हाच परत गेलेले असतात. विक्रेत्याचा नवा जोडही गेला, विक्रीचे पैसेही गेले आणि वर परतीच्या कुरिअरचा खर्च त्याच्याच नावावर.

अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या प्लॅटफॉर्मवर माल विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी असं पार्सल मिळतं. त्यावर दाद मागता येते, पैसेही मिळू शकतात. पण ते मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा विक्रेत्याने पिशवी फाडण्याआधी मोबाइलचा कॅमेरा सुरू केला होता का, यावर ठरतं.

परत आलेलं प्रत्येक पार्सल सारखं नसतं

सेलर पॅनेलवर ‘आरटीओ’ असा शब्द दिसतो. नवीन विक्रेत्याला आधी गाडीच्या लायसन्सचं ऑफिस आठवतं. इथे त्याचा अर्थ ‘रिटर्न टू ओरिजिन’, म्हणजे ग्राहकाच्या हातात न पडताच परत आलेलं पार्सल. पत्ता सापडला नाही, फोन उचलला नाही, किंवा कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे द्यायच्या वेळी ग्राहकाचा विचार बदलला. अशा पार्सलचं सील सहसा शाबूत असतं आणि माल पुन्हा विकता येतो. ते फाटलेलं किंवा रिकामं आलं तर ग्राहकाने ते उघडलेलंच नसतं. गडबड वाहतुकीत झालेली असते आणि क्लेममध्येही तसंच लिहावं लागतं.

दुसरा प्रकार म्हणजे ग्राहकाने माल घेतला, उघडला आणि मग परत केला. यालाच ‘कस्टमर रिटर्न’ म्हणतात. परतीच्या कुरिअरचा खर्च बहुतेक ठिकाणी या प्रकारात विक्रेत्यावर पडतो आणि वादही इथेच होतात. तिसरा प्रकार कमी दिसतो, पण असतो. वस्तू स्वस्त असेल आणि ती परत आणण्याचा खर्चच जास्त होणार असेल, तर प्लॅटफॉर्म कधी कधी माल परत न घेताच रिफंड देतो. तिथे विक्रेत्याच्या हाती उघडून बघायला काहीच येत नाही. पाठवताना काढलेला फोटो किंवा व्हिडिओ एवढाच त्याचा पुरावा.

एका परतीत दोन विक्रीचा नफा जातो

रिटर्नचा खरा फटका दिसतो तो कागदावर मांडल्यावर. समजा, चपलांचा एक जोड ९०० रुपयांना विकला. जीएसटी सोयीसाठी बाजूला ठेवला, तर खर्च साधारण असा धरता येईल: कारागिराकडून जोड घ्यायला ५५० रुपये, खोकं आणि कुरिअर बॅग २० रुपये, प्लॅटफॉर्मचं कमिशन आणि इतर फी १५० रुपये, पाठवण्याचं कुरिअर ८० रुपये. हातात उरले १०० रुपये.

हाच जोड चांगल्या अवस्थेत परत आला आणि कमिशन पूर्ण माघारी मिळालं असं धरलं, तरी जाण्याचे ८०, येण्याचे समजा १०० आणि पॅकिंगचे २० गेलेच. म्हणजे २०० रुपये तोटा. आता दहा ऑर्डरींपैकी तीन परत आल्या तर सात विक्रीचे ७०० रुपये मिळतात, तीन परतींचे ६०० जातात. दहा जोड पॅक करून, लेबल लावून, पिकअपवाल्याची वाट बघून उरतात १०० रुपये.

त्या तीनपैकी एक जोड वापरलेला किंवा बदललेला आला, तर आणखी ५५० रुपये गेले. शंभराचा नफा ४५० रुपयांच्या तोट्यात जातो. तो एक क्लेम मंजूर होणं न होणं म्हणजे पूर्ण आठवड्याचा धंदा नफ्यात की तोट्यात, असा प्रश्न असतो. घरातून, उसन्या भांडवलावर विकणाऱ्याला हा फरक सोसत नाही.

आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील. पण आपल्या मालाचा असा हिशेब एकदा तरी मांडल्याशिवाय किंमत ठरवणं म्हणजे अंधारात तीर मारणं. बरेच जण विक्री किती झाली ते सांगतात, परतीनंतर हातात किती उरले ते त्यांना तीन महिन्यांनी कळतं.

कायदा काय सांगतो

‘आमच्याकडे नो रिटर्न, नो एक्स्चेंज’ अशी चिठ्ठी अजूनही अनेक पार्सलांत सापडते. सदोष मालाच्या बाबतीत तिला काही अर्थ नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० मध्ये लागू झाले. त्यांनुसार, माल सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेले गुण त्यात नसतील, किंवा सांगितलेल्या मुदतीपेक्षा तो उशिरा पोहोचला असेल, तर मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशीर नैसर्गिक आपत्तीसारख्या हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल तर तेवढी सूट आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तर असा नकार अनुचित व्यापारी प्रथेत मोजतो. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि लिहिली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत द्यावे लागतात.

आता दुसरी बाजू. माल चांगला आहे, फोटोसारखाच आहे, वेळेत पोहोचला आहे, पण ग्राहकाला आवडला नाही. अशा वेळी परत करण्याचा सरसकट हक्क भारतातला कायदा देत नाही. तो हक्क देतं प्लॅटफॉर्मचं रिटर्न धोरण, आणि ते धोरण विक्रेत्याने खातं उघडताना ‘मान्य आहे’वर टिक करून स्वीकारलेलं असतं. त्यामुळे ‘कायद्यात असं कुठे लिहिलंय?’ असं सपोर्टवाल्याला विचारून उपयोग होत नाही. धोरण श्रेणीनुसार बदलतं. कपडे आणि पादत्राणांना एक मुदत, मोबाइलला दुसरी, खाण्याच्या वस्तूंना परतीच नाही. मीशोवर तर काही वस्तूंना ‘फक्त चुकीचा किंवा सदोष माल आला तरच परत’ हा पर्याय ग्राहकाला थोड्या कमी किमतीत निवडता येतो. आपली वस्तू कोणत्या श्रेणीत टाकली आहे आणि तिथे कोणते पर्याय आहेत, हे विक्रेत्याने लिस्टिंग करतानाच पाहायला हवं.

अर्ध्या परती लिस्टिंगमध्येच ठरतात

परत करणारा प्रत्येक ग्राहक फसवा नसतो. उलट, रिटर्नची कारणं नीट वाचली तर बरीच बोटं विक्रेत्याकडेच वळतात. पॅनेलवरचा रिटर्न रिपोर्ट डाउनलोड करून महिनाभराची कारणं एका वहीत मांडली, तर चित्र लगेच दिसतं.

कोल्हापुरी चपलेचंच बघा. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांत बनणाऱ्या चपलेलाच ते नाव लावता येतं. ही चप्पल वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेल्या चामड्याची आणि हाताने शिवलेली. नवी असताना ती घट्ट असते, थोडी चावतेही, आणि वापरात सैल होते. पायाखाली करकर वाजते. चामड्याला वास असतो. पाण्यात भिजली की खराब होते. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण गुवाहाटीत किंवा चंदिगडमध्ये पहिल्यांदाच कोल्हापुरी घेणाऱ्याला घट्टपणा म्हणजे चुकीचा साइज, वास म्हणजे खराब माल आणि दोन पायांच्या रंगातला किंचित फरक म्हणजे दोष वाटतो. तो ‘डिफेक्टिव्ह’ निवडतो आणि त्याच्या दृष्टीने तो खोटं बोलत नसतो.

इथे क्लेम लढण्यापेक्षा लिस्टिंग बदलणं स्वस्त पडतं. साइजच्या आकड्यासोबत तळव्याची लांबी सेंटिमीटरमध्ये द्यायची. ‘कागदावर पाय ठेवून टाच ते अंगठा मोजा’ हे वाक्य चित्रासह टाकायचं. नवी चप्पल घट्ट असते, हे आधीच सांगायचं. फोटो दिवसाच्या उजेडात काढायचा. फिल्टर लावून तपकिरी चामडं सोनेरी दाखवलं, तर कायद्यानेही तो ‘जाहिरातीप्रमाणे नसलेला माल’ ठरतो आणि मग भांडायला जागाच उरत नाही.

विक्रेत्याच्या स्वतःच्या चुकाही मोजायला हव्यात. एकाच दिवशी चाळीस ऑर्डरी पॅक करताना एका खोक्यात आठ आणि नऊ नंबरचे पाय जातात, कधी दोन्ही डावे जातात. अशा परतीवर क्लेम टाकला तर तो फेटाळला जातोच, शिवाय वारंवार असं झाल्यास पुढच्या खऱ्या क्लेमवरही विश्वास राहत नाही.

पिशवी फाडण्याआधीची दहा मिनिटं

परतीची पार्सलं बहुधा पोत्यात येतात. डिलिव्हरी बॉय घाईत असतो, ओटीपी मागतो आणि निघायला बघतो. इथे घाई केली की पुढचं सगळं अवघड होतं. ओटीपी देण्याआधी पार्सलं मोजायची आणि प्रत्येकाचा ट्रॅकिंग नंबर त्याच्या यादीशी ताडायचा. अॅपमध्ये सहा पार्सलं दाखवत असतील आणि हातात पाचच असतील, तर ओटीपी पाचांचाच द्यायचा. सगळ्यांचा मिळून एकच ओटीपी असेल, तर सहावं पार्सल मिळालं नाही ही नोंद त्याच्या समोर करून घ्यायची, पोत्याचा फोटो काढायचा आणि त्याच दिवशी पॅनेलवर तक्रार टाकायची. नाहीतर सिस्टीममध्ये सहावं पार्सल ‘मिळालं’ असं उमटतं आणि न मिळालेली वस्तू मिळाली नव्हती, हे सिद्ध करण्याची वेळ येते.

पिशवी फाटलेली, पुन्हा चिकटवलेली किंवा ओली दिसत असेल, तर घेण्याआधीच तिचे फोटो काढायचे. शक्य तिथे डिलिव्हरी बॉयकडून शेरा घ्यायचा.

त्यानंतर व्हिडिओ. तो एकसंध हवा, मध्ये कट नको. सुरुवात पिशवीवरच्या लेबलपासून, ट्रॅकिंग नंबर आणि बारकोड वाचता येईल इतक्या जवळून. मग पिशवी चारही बाजूंनी फिरवून दाखवायची, म्हणजे सील फुटलेलं आहे की नाही ते दिसतं. मग कॅमेऱ्यासमोरच ती उघडायची. आत काय निघालं ते टेबलावर ठेवायचं, वरून, खालून, तळवा, आतला नंबर. मोबाइल किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तू असेल तर सिरीयल नंबर किंवा आयएमईआय. शेवटी तीच वस्तू आणि तेच लेबल एका चौकटीत. एकट्याने हे जमत नाही असं वाटत असेल, तर शंभर-दोनशे रुपयांचा मोबाइल स्टँड घेऊन तो टेबलावर कायमचा बसवावा. अर्धवट उघडलेल्या पिशवीपासून सुरू झालेला व्हिडिओ प्लॅटफॉर्म सहसा मान्य करत नाही, कारण आतली वस्तू तिथेच बदलली नाही याची खात्री त्यातून होत नाही.

पण परतीच्या व्हिडिओतून फक्त काय आलं ते कळतं. काय पाठवलं होतं, ते पॅकिंगच्या वेळी टिपलेलं असावं लागतं. प्रत्येक ऑर्डरचा व्हिडिओ काढणं स्वस्त मालाला परवडत नाही. पॅकिंगच्या टेबलावर वरून एक कॅमेरा सतत चालू ठेवला, तर दिवसाचं रेकॉर्डिंग आपोआप होतं. महाग वस्तूंचा मात्र वेगळा व्हिडिओ हवाच.

आपला माल ओळखता यावा यासाठी छोट्या खुणा उपयोगी पडतात. चपलेच्या तळव्याच्या आतल्या कडेला न पुसणारा बॅच नंबर, कपड्याच्या शिवणीत आतून लावलेलं लेबल. काही विक्रेते दोन्ही चपला एका मजबूत टॅगने जोडून पाठवतात. टॅग न तोडता पायात घालून बघता येतं, चालता येत नाही. लग्नात एक दिवस मिरवून परत पाठवण्याचा प्रकार याने बराच कमी होतो. मात्र ‘टॅग तुटला तर परत घेणार नाही’ ही अट प्लॅटफॉर्मच्या धोरणात बसत असेल तरच चालते. स्वतःहून छापली म्हणून ती लागू होत नाही.

व्हिडिओ ऑर्डर क्रमांकाच्या नावाने साठवावेत. ‘डब्ल्यूए००१२’ अशा नावाच्या तीनशे फायलींतून हवा तो व्हिडिओ शोधेपर्यंत क्लेमची मुदत निघून जाते.

क्लेम टाकताना

प्रत्येक प्लॅटफॉर्मची क्लेमची खिडकी वेगळी असते. विक्रेत्याने स्वतः किंवा इझी शिपने पाठवलेल्या मालासाठी अॅमेझॉनवर ‘सेफ-टी क्लेम’ आहे. माल अॅमेझॉनच्या गोदामातून जात असेल तर भरपाईची पद्धत निराळी. फ्लिपकार्टवर ‘सेलर प्रोटेक्शन फंड’मधून दावा करता येतो. इतर ठिकाणी सपोर्ट तिकीटमधूनच सगळं होतं. सगळीकडे एक गोष्ट सारखी: मुदत मोजकी असते आणि ती परतीचं पार्सल ‘डिलिव्हर’ झाल्यापासून मोजली जाते, विक्रेत्याने ते उघडल्यापासून नाही. रविवारी एकदम उघडू म्हणून कोपऱ्यात टाकलेलं पोतं महागात पडतं ते यामुळेच. या मुदती प्लॅटफॉर्म अधूनमधून बदलतात. त्या भिंतीवर लिहून ठेवाव्यात आणि दर दोन-तीन महिन्यांनी पॅनेलवर पुन्हा तपासाव्यात.

लिहिताना राग बाजूला ठेवावा. ‘ग्राहक चोर आहे, तुम्ही नेहमी त्यांचीच बाजू घेता, आम्ही धंदा कसा करायचा’ हे खरं वाटत असलं तरी वाचणाऱ्या माणसाला त्यातून ठरवण्यासारखं काही मिळत नाही. त्याच्यासमोर अशी शेकडो तिकिटं असतात. त्याला हवा असतो तो एवढाच मजकूर:

“अमुक ऑर्डर क्रमांक. पाठवलेली वस्तू: तपकिरी चामड्याची कोल्हापुरी चप्पल, साइज ८, तळव्यावर बॅच नंबर अमुक. परतीचा ट्रॅकिंग नंबर अमुक, पार्सल २७ तारखेला मिळालं. आत निघालेली वस्तू: काळी रेक्झिनची चप्पल, वापरलेली, बॅच नंबर नाही. सोबत पॅकिंगचा व्हिडिओ, उघडतानाचा एकसंध व्हिडिओ, लेबलचा फोटो आणि दोन्ही चपलांचे शेजारी-शेजारी फोटो. मागणी: वस्तूची पूर्ण किंमत आणि परतीचं कुरिअर.”

क्लेमचं कारण निवडतानाही चूक होते. वस्तू बदलली असेल तर ‘खराब अवस्थेत मिळाली’ हा पर्याय चुकीचा. बघणारा फोटोत तुटलेलं काहीतरी शोधतो, त्याला सापडत नाही आणि क्लेम बंद होतो. वापरलेला माल, बदललेला माल, अपुरा माल, रिकामी पिशवी आणि वाहतुकीत फुटलेला माल, हे पाच वेगळे दावे आहेत.

मंजूर रक्कम अनेकदा मागितलेल्यापेक्षा कमी येते. वापरलेल्या पण विकण्याजोग्या मालावर काही टक्केच मिळतात. रक्कम कशी काढली, हे तिकिटावर विचारता येतं.

फेटाळला तर पुढे काय

पहिला नकार हा शेवटचा नसतो. नकाराचं कारण वाचून फक्त त्याच मुद्द्यावर, नव्या पुराव्यासह तिकीट पुन्हा उघडता येतं किंवा अपील करता येतं. ‘व्हिडिओत लेबल दिसत नाही’ असं कारण असेल, तर लेबल दिसतं तो नेमका मिनिट-सेकंद लिहून पाठवावा. तेच वाक्य पाच वेळा पाठवल्याने काही बदलत नाही.

त्यापुढचा रस्ता अरुंद होतो. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवाडा करायचा, ही ई-कॉमर्स नियमांतली मुदत ग्राहकांच्या तक्रारींसाठी आहे. विक्रेता त्या व्याख्येत बसत नाही. ग्राहक आयोगाचं दारही त्याला सहज उघडत नाही, कारण व्यावसायिक कारणासाठी सेवा घेणारा कायद्याने ‘ग्राहक’ धरला जात नाही. विक्रेता आणि प्लॅटफॉर्म यांच्यात असतो तो करार. अशा करारांत बहुधा लवादाची तरतूद असते आणि कोणत्या शहरात दाद मागायची तेही लिहिलेलं असतं. नऊशे रुपयांसाठी त्या वाटेने कोणी जाणार नाही. पण वर्षभरात नाकारलेल्या क्लेमची बेरीज लाखात जात असेल, किंवा खातं बंद करून पेमेंट अडवून ठेवलं असेल, तर करार वकिलाला दाखवून नोटीस पाठवणं परवडतं. म्हणून खातं उघडताना मान्य केलेल्या कराराची प्रत उतरवून ठेवावी. ‘आपण काय मान्य केलं होतं?’ हा प्रश्न नेमका पॅनेल लॉक झाल्यावर पडतो.

महाग वस्तू ठरवून बदलली गेली असेल, एकाच पत्त्यावरून पुन्हा पुन्हा तेच होत असेल, तर तो फसवणुकीचा गुन्हा ठरू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांकडे तक्रार करता येते. तिथेही व्हिडिओच कामी येतो, आणि तो मूळ फाइलच्या रूपात लागतो. प्रकरण कोर्टात गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेली, आकार कमी झालेली प्रत मूळ फाइल म्हणून दाखवता येत नाही.

ग्राहकाने आयोगात खेचलं तर

कधी उलटंही होतं. विक्रेत्याला वाटतं आपण बरोबर आहोत, रिफंड नाकारला जातो आणि ग्राहक थेट ग्राहक आयोगात जातो. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात तक्रारीला फी नाही आणि ती ऑनलाइन दाखल होते. म्हणजे कोल्हापूरच्या विक्रेत्याला गुवाहाटीच्या जिल्हा आयोगाची नोटीस येऊ शकते.

अशी नोटीस ‘एवढ्या लांब कोण जातंय’ म्हणून बाजूला ठेवणं, ही या सगळ्यातली सर्वांत महाग चूक. उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात, आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५. त्यापलीकडे मुदत वाढत नाही. ४५ दिवसांची ही मर्यादा पक्की असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये, जुन्या कायद्यातल्या तशाच तरतुदीवर स्पष्ट केलं. उत्तर गेलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो आणि नऊशे रुपयांच्या चपलेवर मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्च चढतो. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने मागता येते, लेखी उत्तर आणि कागदपत्रं पाठवता येतात. ग्राहकाला तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. त्यामुळे वाद झालेल्या ऑर्डरचे व्हिडिओ आणि चॅट तेवढा काळ पुसू नयेत.

नोटीस येण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरून तक्रार आली असेल, तर तिथेच मिटवलेलं बरं. माल खरंच सदोष असेल तर पैसे देऊन मोकळं व्हावं.

राग सोशल मीडियावर काढताना

विक्रेत्यांच्या फेसबुक आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘फ्रॉड कस्टमर’ म्हणून लेबलचे फोटो फिरतात. त्यावर नाव, पत्ता, फोन नंबर सगळं असतं. ही माहिती विक्रेत्याला डिलिव्हरीपुरती मिळालेली असते, जाहीर करण्यासाठी नाही. प्लॅटफॉर्म यावरून खातं बंद करू शकतो आणि ग्राहक बदनामीचा दावा लावू शकतो. शिवाय माल ग्राहकाने बदलला की वाटेत कोणी, हे त्या फोटोवरून कळत नाही. ग्राहकाला परस्पर फोन करून ‘रिव्ह्यू काढा, पैसे देतो’ म्हणणंही धोक्याचं. स्वतःच्याच मालावर ग्राहक बनून रिव्ह्यू लिहायला तर ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट मनाई आहे.

अडकलेल्या क्लेमबद्दल पोस्ट टाकली की तासाभरात ‘सेलर सपोर्ट’वाल्याचा फोन येतो, असंही घडतं. क्लेम मंजूर झालाय, फक्त ओटीपी सांगा किंवा हे अॅप टाका. तो सपोर्टवाला नसतो. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा.

जीएसटीच्या वहीत परतीची नोंद

परत आलेल्या मालाचा शेवटचा हिशेब कराचा. विक्रीवर भरलेला जीएसटी कमी करायचा तर क्रेडिट नोट काढावी लागते, आणि ती आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरण भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर विवरणात दाखवावी लागते. मार्चमध्ये विकलेला आणि एप्रिलमध्ये परत आलेला माल इथेच निसटतो.

प्लॅटफॉर्म विक्रेत्याच्या पैशातून जीएसटीचा टीसीएस कापतो. १० जुलै २०२४ पासून त्याचा दर एक टक्क्यावरून अर्धा टक्का झाला. तो परती वजा करून उरलेल्या निव्वळ विक्रीवर असतो. त्यामुळे प्लॅटफॉर्मने दाखवलेली निव्वळ विक्री आणि आपल्या वहीतली विक्री दर महिन्याला जुळवावी लागते. जुळली नाही तर एखादी परत एकीकडे नोंदली गेली आहे आणि दुसरीकडे नाही, असं समजायचं.

आणि ज्या जोडाच्या बदल्यात रेक्झिनची चप्पल आली, तो? केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा हिशेबातून काढून टाकलेल्या मालावर इनपुट क्रेडिट मिळत नाही. तो जोड घेताना जीएसटी भरून क्रेडिट घेतलं असेल, तर ते उलटवावं लागतं. अशा परतींची वेगळी यादी ठेवून, क्लेम मंजूर झाला की नाही त्या शेऱ्यासह, ती दर महिन्याला सीएकडे द्यावी.